पेटीतून गावोगाव गेलेली पुस्तके

गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली बडोद्याच्या नोकरीत आले तेव्हा ते इतिहासकार नव्हते. महाराज सयाजीरावांना पुस्तके वाचून दाखवणे हे त्यांचे काम होते आणि हुद्दाच 'रीडर' असा होता. सयाजीराव त्या वेळी जेमतेम पंचविशीचे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ हा मुलगा १८७५ साली दत्तक म्हणून बडोद्याला आला, तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळखसुद्धा नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या भाषा तो इथे आल्यावर शिकला. ज्याने बाराव्या वर्षी पाटी हातात घेतली, त्याला पुढे वाचनाची इतकी ओढ लागली की स्वतःचे डोळे आणि वेळ पुरेनात, म्हणून वाचून दाखवणारा माणूस नेमावा लागला.

राजाला वाचून दाखवायचे म्हणजे आधी निवडायचे. आज काय वाचावे, कुठे थांबावे, काय गाळावे, हे सरदेसायांना रोज ठरवावे लागे. त्यांच्याकडे राजपुत्रांची शिकवणीही आली. मुलांना हिंदुस्थानचा इतिहास शिकवायला बसले, तर हाताशी असलेली पुस्तके मुलांच्या उपयोगाची नव्हती. म्हणून त्यांनी टिपणे काढायला सुरुवात केली. ती टिपणे वाढत गेली आणि त्यांतून १८९८ साली 'मुसलमानी रियासत' निघाली. मराठी रियासतीचे खंड त्यानंतरचे. आज रियासतीचे जाडजूड खंड पाहून कोणी म्हणणार नाही की याचे बीज शाळकरी मुलांच्या शिकवणीत आहे. पण कोणाला काय वाचायला द्यावे या साध्या प्रश्नातून मराठीतले केवढे मोठे काम उभे राहिले, त्याचे हे आपल्या गावातलेच उदाहरण.

हाच प्रश्न पुढे बडोदे सरकारने राज्यापुरता घेतला, आणि तो इतिहास आपल्या स्मरणिकेत यावा असे फार दिवस मनात होते.

त्याची सुरुवात शाळेपासून झाली. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्याला लागू झाला. लगेच एक अडचण पुढे आली, जी आजही शिक्षकांना चांगली माहीत आहे. मूल चार-पाच वर्षे शाळेत जाते, वाचायला शिकते, मग शेतावर किंवा दुकानात जाते आणि घरात पुस्तक नसल्यामुळे काही वर्षांत शिकलेले विसरते. म्हणजे सरकारने केलेला खर्च पाण्यात. शाळा सुटल्यावर त्या मुलाच्या हाती काय पडणार, याची व्यवस्था नसेल तर शाळा अर्धीच, हे सयाजीरावांनी ओळखले. १९०६ साली ते अमेरिकेला गेले, तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी बघितली आणि १९१० साली न्यू हेवनच्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बडोद्याला बोलावून घेतले.

बोर्डन इथे तीनच वर्षे होते, पण तेवढ्यात त्यांनी पाया घातला. महाराजांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह हा मध्यवर्ती ग्रंथालयाचा गाभा ठरला. डय़ुई आणि कटर या दोन अमेरिकन पद्धतींची सांगड घालून त्यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची वेगळी पद्धत बसवली. १९११ साली ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानात असा वर्ग त्याआधी नव्हता. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' नावाचे त्रैमासिक निघू लागले, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी विभागही असत. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जे गेले आहेत, त्यांनी पोलादी मांडण्या आणि वरच्या मजल्यांच्या काचेच्या फरशा बघितल्याच असतील. वरचा उजेड खालपर्यंत यावा म्हणून ती काच. ज्यांनी बघितल्या नसतील त्यांनी एकदा जाऊन याव्या. पाहुण्यांना राजवाडा दाखवतो तसे हेही दाखवण्यासारखे आहे.

पण मला स्वतःला या सगळ्यात कौतुक वाटते ते इमारतीपेक्षा पेटीचे.

फिरत्या वाचनालयाची ही लाकडी पेटी. मजबूत, कुलूपाची, आत पंधरा ते तीस पुस्तके. गावातल्या शाळामास्तरांनी किंवा चार माणसांनी मागणी केली की पेटी त्या गावाला जायची. नेण्या-आणण्याचा खर्च खात्याचा. गावाने ती ठरावीक मुदत ठेवायची, लोकांनी वाचायची, मग परत पाठवून दुसरी मागवायची. आता या पेटीत कोणती तीस पुस्तके घालायची? शहरातल्या ग्रंथालयात हजारो पुस्तके असतात. एक नाही आवडले तर दुसरे. पेटीत तसे नाही. तिच्यावर सगळे गाव अवलंबून. त्यात पोथी वाचणारे आजोबा आहेत, पाचवी झालेला पोरगा आहे, वाचायला नुकतीच शिकलेली सून आहे आणि 'पुस्तकाने काय पोट भरते?' असे विचारणारा पटेलही आहे. तीस पुस्तकांत या सगळ्यांचे काहीतरी निघाले पाहिजे. नाहीतर पेटी न उघडता परत येणार. पुस्तक निवडण्याची कसोटी यापेक्षा कडक मला माहीत नाही.

हे गावोगावचे काम ज्यांनी अंगावर घेतले ते मोतीभाई अमीन. वसो गावचे, पेशाने शिक्षक. राज्याने हे खाते काढण्याआधीच त्यांनी मित्रमंडळांमार्फत छोटी वाचनालये चालवायला सुरुवात केली होती. बडोद्याने असा माणूस हेरून नोकरीत घेतला, हीच मोठी गोष्ट. गुजरातेत त्यांना ग्रंथालय चळवळीचे पितामह मानतात. आपल्या मराठी घरांत मात्र त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, ते घेतले पाहिजे. बोर्डननंतर ग्रंथालय खात्याची सूत्रे जनार्दन सखाराम कुडाळकर यांच्याकडे आली. त्यांनी १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यांच्यामागून आलेले न्यूटन मोहन दत्त यांनीही १९२८ साली लिहिले. या दोन पुस्तकांमुळे बडोद्याचे नाव बाहेर गेले.

पेटीने गावाला गोडी लागली की पुढची पायरी कायमच्या वाचनालयाची. त्याचा हिशेब सयाजीरावांच्या स्वभावाला धरून होता: एक हिस्सा लोकांनी जमवायचा, तेवढाच पंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. लोकांनी काही जमवले नाही तर सरकारही काही देणार नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्या गणपतीच्या वर्गणीचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना ही मेख वेगळी समजावून सांगायला नको. ज्याने अकरा रुपये दिले तो मंडपात येऊन आरास नीट झाली की नाही ते बघतोच.

शहरात बायकांसाठी वेगळा विभाग निघाला, मुलांसाठी वेगळी खोली झाली. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी जादूच्या दिव्याची, म्हणजे मॅजिक लँटर्नची, चित्रे दाखवण्याची सोय होती. ग्रंथालयाने चित्रे का दाखवावी असा प्रश्न आज पडेल. पण जो माणूस चित्र बघायला आला, तो उद्या त्याच खोलीतल्या पुस्तकाला हात लावेल, असा त्यामागे विचार होता.

पुस्तके पोचवण्याची सोय झाली, तरी लोकांच्या भाषेत पुरेशी पुस्तकेच नव्हती. म्हणून महाराजांनी दोन लाख रुपये वेगळे काढले आणि त्याच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला या मराठी-गुजराती माला चालवल्या. चरित्रे, इतिहास, आरोग्य, विज्ञान, शास्त्रीय विषय असा त्यांचा पसारा. या मालांबद्दल एक मत सांगून टाकतो. त्यांतली बरीच पुस्तके उपयुक्त आहेत, पण गंमत म्हणून वाचावी अशी थोडी. लोकांनी काय वाचले पाहिजे हे त्यांत जास्त दिसते आणि लोकांना काय आवडते हे कमी. सरकारी पुस्तकांचे हे कायमचे दुखणे आहे.

तरीही सरकारी आश्रयाने निघालेले कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडेल, याचा अंदाज कोणालाच नसतो. कृष्णराव अर्जुन केळुसकर हे मुंबईचे शिक्षक. त्यांनी बडोद्याच्याच ग्रंथमालेसाठी गौतम बुद्धाचे चरित्र लिहिले, ते १८९८ साली प्रसिद्ध झाले. पुढे काही वर्षांनी मुंबईत रामजी सकपाळ यांच्या मुलाने शाळेची परीक्षा पास केली म्हणून छोटा सत्कार झाला. केळुसकर अध्यक्ष होते. समारंभ संपल्यावर त्यांनी आपल्या पुस्तकाची प्रत त्या मुलाला दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. बुद्धाकडे आपण वळलो त्याची सुरुवात या पुस्तकापासून झाली, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. घरात रामायण-महाभारत वाचून घेतले जात होते, मुलाला त्यावर प्रश्न पडत होते, आणि नेमक्या त्या वयात हे पुस्तक हाती आले. केळुसकरांनीच पुढे त्यांची सयाजीरावांशी गाठ घालून दिली आणि शिष्यवृत्ती मिळाली.

हा प्रसंग सांगून थांबलो तर आपल्या गावाची बाजू फारच गोड होईल. १९१७ साली आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. एका पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या रिकाम्या दालनात कंदिलाच्या उजेडात ते वाचत बसायचे, म्हणजे एकटेपण विसरता येईल. डोक्यावर वटवाघळे फिरायची. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. राज्याने एव्हाना गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या होत्या, आणि त्याच राज्याच्या राजधानीत, त्या काळी इथल्या सर्वांत शिकलेल्या माणसांपैकी एकाला झोपायला खोली मिळाली नाही. कमाटी बागेत त्या दिवशी ते बसून होते, ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. ग्रंथालयाचा अभिमान सांगताना ही बागही सांगितली पाहिजे.

याच शहरात पुढे आणखी एक गृहस्थ बुद्धाच्या वाङ्मयात बुडालेले होते आणि फावल्या वेळात महाराष्ट्राला हसवत होते. चिंतामण विनायक जोशी बडोदे कॉलेजात पाली शिकवत. राज्याच्या दफ्तराचे कामही त्यांच्याकडे होते. जुने कागद आणि पाली ग्रंथ यांत दिवस घालवणाऱ्या या माणसाने चिमणराव आणि गुंड्याभाऊ जन्माला घातले. 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२चे, 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३चे. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना ज्यांनी बघितले, त्यांना चिमणराव पुण्या-मुंबईचा वाटतो. तो लिहिला गेला बडोद्यात.

आता आपल्याकडे येतो. मध्यवर्ती ग्रंथालयाला शंभर वर्षे कधीच होऊन गेली, बडोदे राज्य १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि आपले प्रश्न बदलले. पेटी आज पुन्हा भरायची वेळ आली तर तिच्यापुढे वेगळेच गाव आहे. मराठी माध्यमात शिकलेले आपल्यातले बहुतेक लोक साठीच्या पुढे गेले. नातवंडे घरात मराठी बोलतात, आरत्या पाठ म्हणतात, पण मराठी पुस्तक दिले तर दुसऱ्या पानावर दमतात. त्यांना देवनागरी हिंदीमुळे येते, मराठी कळते, तरी दोन्हींची गाठ पडत नाही. अशा मुलाला 'मराठी वाचलेच पाहिजे' म्हणून 'श्यामची आई' देऊ नये. ते पुस्तक मोठे आहे, साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिले, पण ते वाचून घ्यायचे नसून ऐकायचे आहे. ती शेवटी आईच्या आठवणी सांगण्याची रात्रीची बैठकच आहे. आजीने वाचावे, मुलांनी ऐकावे.

मुलाने स्वतः वाचायचे असेल तर सुरुवात माधुरी पुरंदरे यांच्या चित्रमय पुस्तकांपासून करावी. 'राधाचं घर'मध्ये वाक्ये छोटी आहेत आणि घर आपल्या घरासारखे आहे. चित्रे त्यांचीच. त्यानंतर बालभारतीचे 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघते आहे आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. मुलाला मोबाईल सोडवत नसेल तर मोबाईलवरच वाचू दे. दहा-बारा वर्षांच्या, सायकलवरून गाव पालथे घालणाऱ्या पोरासाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे अजूनही पळतोच आहे. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' जुना झाला, पण मुलीला 'चिंगी' देऊन बघा.

इथे एक उलटी युक्ती सुचवतो. ज्या मुलांना गुजराती अधिक सोपे जाते, त्यांना काका कालेलकरांची 'स्मरणयात्रा' गुजरातीतूनच द्यावी. कालेलकर साताऱ्याचे, शिकले बेळगाव-धारवाडकडे, काही काळ आपल्या बडोद्यात गंगनाथ विद्यालयात होते, आणि पुढे गुजरातीचे असे लेखक झाले की गांधीजी त्यांना सवाई गुजराती म्हणत. त्यांच्या बालपणाच्या या आठवणींत घर पूर्ण मराठी आहे, भाषा गुजराती. आपल्या मुलांची तऱ्हा याच्या उलट नाही का? असा लेखक आपला म्हणून त्यांना कळला तर भाषेबद्दलचा संकोच थोडा कमी होईल.

विज्ञानाची ओढ असलेल्या मुलामुलींना जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा. 'यक्षांची देणगी' हा संग्रह १९७९चा. पहिली कथा स्पर्धेला पाठवताना त्यांनी दुसऱ्याच नावाने पाठवली होती, कारण नाव बघून बक्षीस मिळायला नको होते. वाचनच सुटलेल्या मोठ्या माणसाला बाबूराव अर्णाळकर द्यावे आणि लाजू नये. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या गृहस्थांनी जेवढ्या लोकांना वाचायची सवय लावली तेवढी पाठ्यपुस्तकांनी लावली असेल का, याची मला शंका आहे. त्याच माणसाला चार महिन्यांनी व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' हातात ठेवावे. पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत संपते, आणि मेंढपाळांच्या त्या वाडीत आलेला तरुण मास्तर पुढे पुष्कळ दिवस आपल्याबरोबर राहतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने मात्र एक पुस्तक घरात ठेवावेच, ते म्हणजे गोडसे भटजींचे 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्जाने गांजले होते. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे ऐकून काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि १८५७च्या धामधुमीत सापडले. महू, ग्वाल्हेर, झाशी सगळे डोळ्यांनी बघितले, लुटले गेले, आणि शेवटी घरी परत आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले, पण त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची आहे, विकत घेताना ती मागावी. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आपल्या नातेवाइकांना भेट द्यायला याहून चांगले पुस्तक नाही. भाषा जुनी आहे, पण भटजींची भीती आणि भूक जुनी झालेली नाही.

बायकांच्या भिशीत किंवा हळदीकुंकवाच्या दिवशी दहा-दहा पाने वाचायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेल्या या बाईने १९३४ ते १९३६ या काळात जे लिहिले, त्यात रडणे आणि हसणे एकाच परिच्छेदात येते. सोवळे कसे सुटत गेले ते त्या इतक्या सरळ सांगतात की ऐकणाऱ्याला स्वतःच्या घरातले सोवळे आठवते. आणि ज्यांच्या घरी तालमीची परंपरा आहे, माणिकरावांच्या आखाड्यात आजोबा जात असत, त्यांनी कुठे बडोद्यात छापलेला मुजुमदारांचा 'व्यायामज्ञानकोश' मिळतो का ते पाहावे. दहा खंड सलग वाचायचे नसतात. मधूनच उघडायचे आणि एखादा डाव वाचून शेजाऱ्यावर करून बघायचा.

राहिले आमच्या वयाचे लोक. आम्हाला नवे काही सुचवू नये, आम्ही ऐकत नाही. पण गणपतीच्या दहा दिवसांत, आरती झाल्यावर प्रसाद वाटेपर्यंत जी पंधरा मिनिटे गप्पांत जातात, त्यांत कोणी तरी उभे राहून चिमणरावाची एक गोष्ट मोठ्याने वाचावी. गोष्ट इथेच लिहिली गेली आहे, माईक आपला आहेच, आणि मुले खुर्च्या सोडून कुठे जात नाहीत, कारण मोदक अजून आलेले नसतात.